बंब येईपर्यंत : वाचकांचे प्रश्न, अग्निशमन दलाविषयी

गेल्या अंकात मुंबई अग्निशमन दलाच्या कामकाजावर एक टिपण छापले होते. त्यावर आलेल्या पत्रांतील निवडक प्रश्नांना येथे उत्तरे देत आहे. काही पत्रांत तक्रारीचा सूर होता. तीही टाळलेली नाहीत, कारण सेवेत असताना तोंडी मिळालेल्या शिव्यांच्या मानाने ती फारच सौम्य आहेत.

प्रश्न : आमच्या चाळीत जिन्याखालच्या मीटरच्या पेटीने पेट घेतला तेव्हा मी १०१ला फोन केला. पलीकडच्या माणसाने इतके प्रश्न विचारले की माझा संयम सुटला. आधी गाडी पाठवावी, चौकशा मागाहून कराव्यात, असे का होत नाही? आणि आता ११२ असताना १०१ चालू आहे का? (गिरगाव)

उत्तर : १०१ चालू आहे आणि मुंबईत आगीसाठी तोच सरळ रस्ता आहे. ११२ हा पोलीस, अग्निशमन आणि वैद्यकीय मदत या सगळ्यांसाठीचा देशभरचा एकत्रित क्रमांक आहे. त्यावर केलेली विनंतीही अग्निशमन दलाकडे पोहोचवली जाते. दुखापतीसाठी रुग्णवाहिका हवी असेल तर महाराष्ट्रात १०८ आहे, आणि झाड पडणे, पाणी तुंबणे अशा गोष्टींसाठी महापालिकेच्या आपत्कालीन कक्षाचा १९१६ आहे.

आता चौकशांविषयी. अग्निशमन दलात आलेल्या फोनला ‘वर्दी’ म्हणतात, आणि वर्दी अपुरी असेल तर गाडी सुटूनही उपयोग होत नाही. या शहरात ‘गणेश कृपा’ आणि ‘साई सदन’ नावाच्या इमारती किती आहेत याची मोजदाद कोणी केलेली नसावी. घाबरलेला माणूस ‘अहो, आमच्या बिल्डिंगला आग लागली, लवकर या’ एवढे बोलून फोन ठेवतो आणि पुढची पाच मिनिटे तो क्रमांक व्यग्र लागतो, कारण तेवढ्यात तो नातेवाइकांना कळवत असतो. म्हणून पलीकडचा माणूस इमारतीचे नाव, रस्ता, जवळची ठळक खूण, काय पेटले आहे, कितव्या मजल्यावर आणि आत कोणी अडकले आहे का, एवढे विचारतो. शेवटच्या दोन प्रश्नांवर कोणती गाडी पाठवायची हे ठरते. मीटरच्या पेटीला लागणारी गाडी आणि पंधराव्या मजल्यावरील घराला लागणारी गाडी एक नव्हे. तुम्ही दिलेल्या उत्तरांमुळेच वीजपुरवठा करणाऱ्या कंपनीलाही निरोप जातो, कारण पुरवठा तोडल्याशिवाय त्या पेटीवर पाण्याचा फवारा मारता येत नाही.

एक गोष्ट मात्र पत्रलेखकांनी विचारली नाही, तरी सांगून ठेवतो. ठाणे, नवी मुंबई, मीरा-भाईंदर, कल्याण-डोंबिवली यांची अग्निशमन दले स्वतंत्र आहेत, आणि हद्दीजवळ राहणाऱ्याचा मोबाइलवरून केलेला फोन शेजारच्या शहरात लागू शकतो. म्हणून पहिला शब्द शहराचा आणि उपनगराचा असावा. फोन झाल्यावर एका माणसाने गल्लीच्या तोंडाशी उभे राहावे. रात्री तीन वाजता अनोळखी गल्लीत शिरणाऱ्या चालकाला हात दाखवणारा माणूस दिसला की वाचणारी मिनिटे कोणत्याही नव्या यंत्राने वाचत नाहीत.

प्रश्न : बातम्यांत ‘लेव्हल दोनची आग’, ‘लेव्हल तीनची आग’ असे म्हणतात. ही आगीची उष्णता असते की ज्वालांची उंची? (दादर)

उत्तर : दोन्ही नाही. ती मदतीची पातळी आहे. घटनास्थळी पोहोचलेला अधिकारी परिस्थिती पाहून आणखी किती गाड्या, किती जवान आणि कोणत्या दर्जाचे वरिष्ठ अधिकारी लागतील याचा अंदाज बांधतो आणि त्यानुसार वर्दीचा क्रमांक चढवत जातो. सगळ्यांत वर ‘ब्रिगेड कॉल’ असतो. अरुंद गल्लीतल्या गोदामाची लहानशी आगही, आजूबाजूला दाट वस्ती असेल तर, पटकन वरच्या क्रमांकावर नेली जाते. क्रमांक उतरला नाही म्हणून आग वाढते आहे असा अर्थ काढू नये. पुष्कळदा ज्वाला विझल्यानंतरही ढिगारा थंड करण्याचे काम रात्रभर चालते.

प्रश्न : दर वर्षी १४ एप्रिलपासून अग्निशमन सप्ताह पाळतात. माझे आजोबा मशीद बंदरला राहत आणि ‘गोदीच्या स्फोटाची’ गोष्ट सांगत. त्याचा या सप्ताहाशी संबंध आहे का? (डोंबिवली)

उत्तर : थेट संबंध आहे. १४ ते २० एप्रिल हा सप्ताह देशभर पाळला जातो तो मुंबईच्या गोदीत त्या दिवशी मरण पावलेल्या अग्निशामकांच्या स्मरणार्थ.

वर्ष १९४४. दुसरे महायुद्ध चालू होते. फोर्ट स्टिकिन नावाचे मालवाहू जहाज कराचीमार्गे येऊन व्हिक्टोरिया गोदीत लागले होते. जहाजात सुमारे चौदाशे टन स्फोटके आणि दारूगोळा होता, आणि कराचीत चढवलेल्या कापसाच्या सुमारे ८,७०० गासड्या होत्या; त्याशिवाय तेलाची पिंपे, गंधक, लाकूड आणि सोन्याच्या विटा. कापूस आणि दारूगोळा एकाच जहाजात भरणे हा शहाणपणा नव्हे हे कोणत्याही गिरणी कामगाराने सांगितले असते, पण युद्धकाळात जहाजांची टंचाई होती.

१४ एप्रिलच्या दुपारी दोनच्या सुमारास दोन क्रमांकाच्या फाळक्यातून, म्हणजे माल भरण्याच्या कप्प्यातून, धूर येताना दिसला. बंब आले, पाणी सुरू झाले. नऊशे टनांहून अधिक पाणी त्या जहाजात ओतले गेले, तरी दाट धुरामुळे आग नेमकी कुठे आहे हे सापडेना. कापसाची आग अशीच असते. ती पेट घेण्याऐवजी आतल्या आत धुमसत राहते आणि दाबून बांधलेल्या गासडीत पाणी खोलवर शिरत नाही. जहाजावरचे पाणी उकळू लागले. जहाज बुडवावे, बाहेर समुद्रात ओढून न्यावे की आहे तिथेच विझवावे, याचा निर्णय घेऊ शकणारे अधिकारी अनेक होते आणि निर्णय एकही झाला नाही. दुपारी ३ वाजून ५० मिनिटांनी जहाज सोडण्याचा हुकूम निघाला. ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला, आणि त्यानंतर सुमारे अर्ध्या तासाने दुसरा, त्याहून मोठा.

कुलाब्याच्या वेधशाळेतील भूकंपमापकावर त्याची नोंद झाली. बारा किलोमीटरवरच्या खिडक्यांच्या काचा फुटल्या. जळते कापसाचे गोळे आणि तापलेले लोखंड गोदीलगतच्या वस्तीवर पडून तिथे नव्या आगी लागल्या. आग आटोक्यात यायला तीन दिवस लागले आणि पाच लाख टनांच्या आसपासचा ढिगारा उपसायला आठ हजार माणसांना सात महिने. मृतांचा आकडा वेगवेगळ्या ठिकाणी आठशेपासून तेराशेपर्यंत दिला जातो. त्यांत ६६ अग्निशामक होते. सोन्याच्या विटांच्या गोष्टी मुंबईकरांनी पुढे कितीतरी वर्षे चवीने सांगितल्या, आणि काही विटा गोदीचा गाळ काढताना खरोखरच नंतर सापडल्या. तुमच्या आजोबांच्या गोष्टीतही एखादी वीट असणारच.

भायखळ्याच्या मुख्यालयात त्या ६६ जणांचे स्मारक आहे. मला मात्र त्या दिवसातील पहिल्या स्फोटाआधीचे दोन तास अधिक महत्त्वाचे वाटतात. पाणी होते, पंप होते, हिंमत तर होतीच. नव्हती ती नेमकी माहिती आणि एका तोंडाने हुकूम देणारा माणूस. आज घटनास्थळी अग्निशमन अधिकारी पोहोचला की तिथली सूत्रे त्याच्या हातात असावीत, असा आग्रह आम्ही धरतो तो मानापमानासाठी नव्हे.

प्रश्न : समोरच्या जुन्या इमारतीला आग लागली तेव्हा जवान पाइप घेऊन बाहेरच उभे होते, आत जाण्याऐवजी अधिकारी इमारतीभोवती फिरत होते. लोक ओरडत होते. याला काय म्हणायचे? (काळबादेवी परिसर)

उत्तर : लोकांचा संताप मी समजू शकतो, पण जे फिरणे तुम्हाला रिकामे वाटले तेच त्या वेळचे सर्वांत जोखमीचे काम होते. धूर कोणत्या रंगाचा आहे, तो दाराच्या फटीतून संथ येतो की धपापल्यासारखा आतबाहेर होतो, भिंतीला तडा दिसतो का, तुळया लाकडी आहेत की लोखंडी, वर कोणी वाढीव मजला चढवला आहे का, हे सगळे बाहेरून वाचावे लागते. बंद खोलीत प्राणवायू संपत आलेला असतो. अशा वेळी घाईने दार उघडले तर आत जाणाऱ्या ताज्या हवेने वायूंचा भडका उडून दार उघडणाराच जळतो. दाराशी पाणी तयार आहे आणि पाठीवर श्वसनसंच चढवला आहे, याची खात्री होईपर्यंत थांबणे भाग असते. जाता जाता सांगतो, त्या संचात वर्तमानपत्रे लिहितात तसा ‘ऑक्सिजन’ नसतो. साधी, दाबून भरलेली हवा असते, आणि श्रम करणाऱ्या माणसाला ती जेमतेम अर्धा तास पुरते.

तुमच्याच परिसरात ९ मे २०१५ रोजी गोकुळ निवास या इमारतीला आग लागली होती. रहिवाशांना बाहेर काढण्यात आले, आणि मग जळती इमारत कोसळली. त्यात दलाचे चार अधिकारी गेले. संजय राणे आणि महेंद्र देसाई ढिगाऱ्याखाली सापडले, तर गंभीर भाजलेले उपप्रमुख सुधीर अमीन आणि प्रमुख अग्निशमन अधिकारी सुनील नेसरीकर यांचे पुढील काही दिवसांत रुग्णालयात निधन झाले. दलाचा प्रमुख स्वतः आगीच्या तोंडाशी उभा होता, ही गोष्ट त्या खात्याविषयी बरेच काही सांगते. जुन्या लाकडी सांगाड्याच्या इमारतीत आगीने तुळई आतून खाल्लेली असते आणि बाहेरचा गिलावा मात्र जागच्या जागी असतो. त्यामुळे बाहेर उभ्या असलेल्या जवानाला भित्रा म्हणण्यापूर्वी तो काय पाहतो आहे हे विचारावे.

प्रश्न : आम्ही सत्ताविसाव्या मजल्यावर राहतो. दलाची शिडी आमच्यापर्यंत पोहोचेल का? नाही पोहोचली तर आम्ही काय करायचे? (लोअर परळ)

उत्तर : कागदावर पोहोचेल. मुंबईच्या ताफ्यात ९० मीटरपर्यंत जाणारे शिडीचे वाहन आहे. पण एवढे अवजड वाहन उभे करायला भक्कम, सपाट आणि मोकळी जमीन लागते, चारी बाजूंना त्याचे पाय पसरावे लागतात आणि वर तारा, झाडे, छज्जे नसावे लागतात. आपल्या संकुलांत नियमाने मोकळ्या सोडलेल्या जागेवर पाहुण्यांच्या मोटारी उभ्या असतात, किंवा तिच्यावर शोभेचे कारंजे बांधलेले असते. त्यामुळे शिडीच्या भरवशावर राहू नका, असे मी स्पष्ट सांगेन.

उंच इमारतीची आग बाहेरून नव्हे, आतून विझवली जाते. जवान त्यांच्यासाठी राखलेल्या लिफ्टने आगीच्या एक-दोन मजले खाली उतरतात, तिथे तळ ठोकतात, जिन्यातील उभ्या जलवाहिनीला पाइप जोडतात आणि चालत वर जातात. याचा अर्थ असा की त्या वाहिनीत पाणी आहे का, पंप चालतो का, जिन्याचे दार मिटते का, यावर तुमचा जीव अवलंबून आहे. आणि ही तिन्ही कामे अग्निशमन दलाची नसून तुमच्या सोसायटीची आहेत. त्याविषयी पुढच्या उत्तरात लिहिले आहे.

तुमच्या स्वतःच्या घरात आग लागली तर सगळ्यांना बाहेर काढा आणि निघताना दार ओढून घ्या. कुलूप लावू नका, पण दार मिटा. मिटलेले दार आगीला काही काळ त्याच खोलीत अडवते, उघडे दार जिना धुराने भरून टाकते. आग दुसऱ्या एखाद्या मजल्यावर असेल आणि जिन्यात धूर नसेल तर जिन्याने खाली उतरा. रहिवाशांनी लिफ्ट वापरू नये, कारण वीज गेली की ती मधेच अडकते आणि तिची विहीर धुराचे धुराडे बनते. दार उघडण्यापूर्वी हाताच्या पाठीने ते चाचपून पाहा. ते तापलेले असेल किंवा बाहेर धूर दाटला असेल तर आतच थांबा. दाराच्या फटीत ओले टॉवेल कोंबा, रस्त्याकडच्या खिडकीशी या, १०१ला पुन्हा फोन करून मजला आणि घराचा क्रमांक सांगा आणि खिडकीतून एखादे कापड हलवत राहा. गच्चीकडे मात्र पळू नका. धूर वरच जातो आणि गच्चीचे दार बहुतेक ठिकाणी कुलूपबंद असते. किल्ली सेक्रेटरींकडे, आणि सेक्रेटरी गावाला!

आगीत माणसे जळून मरतात असा समज आहे. प्रत्यक्षात त्यांतली बहुतेक धुराने जातात. त्यातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. त्याला ना रंग ना वास. म्हणून धुरातून जायचे असेल तर वाकून, जमिनीलगत जावे.

प्रश्न : मी सोसायटीचा खजिनदार आहे. आगीच्या यंत्रणेच्या देखभालीवर दर वर्षी खर्च होतो आणि सभासद विचारतात, की कर भरतो तर हे काम अग्निशमन दलाने का करू नये? (मुलुंड)

उत्तर : कारण कायदा तसे म्हणत नाही. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ हा डिसेंबर २००८ पासून लागू आहे. त्यानुसार यंत्रणा बसवणे आणि ती चालू स्थितीत ठेवणे ही मालकाची किंवा भोगवटादाराची जबाबदारी आहे. परवानाधारक एजन्सीकडून तपासणी करून वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, ‘नमुना ब’ प्रमाणपत्र सादर करायचे असते. त्रुटी दूर केल्या नाहीत तर वीज आणि पाणी तोडण्यापर्यंत अधिकार कायद्याने दिलेले आहेत.

सभासदांना पटवायचे असेल तर आकडे दाखवू नका, त्यांना पेटी उघडून दाखवा. एका सोसायटीत तपासणीला गेलो असता जिन्यातील होजची पेटी उघडली, तेव्हा आत चपलांचे चार जोड, क्रिकेटची बॅट आणि गणपतीच्या मखराचा थर्माकोल निघाला. होज नव्हता. पितळी नोझल केव्हाच भंगारात गेली होती. त्याच इमारतीचे प्रमाणपत्र मात्र अगदी स्वच्छ होते. म्हणून एजन्सीचा माणूस येईल तेव्हा खजिनदाराने स्वतः सोबत फिरावे, तळमजल्यावरचा पंप चालू करायला लावावा आणि सर्वांत वरच्या मजल्यावरचा झडप-नळ उघडून जोराने पाणी येते का ते डोळ्यांनी पाहावे. पाणी आले नाही तर सही करू नये. आश्रयमजला, म्हणजे आगीच्या वेळी रहिवाशांनी थांबण्यासाठी मोकळा राखलेला, ज्याला लोक ‘रेफ्यूज फ्लोअर’ म्हणतात तो, वाढदिवसाच्या मेजवान्यांसाठी बंद करून घेतला असेल तर तोही आधी मोकळा करावा.

प्रश्न : कढईतल्या तेलाने पेट घेतला तर? आणि सिलिंडर पेटला तर तो बाहेर फेकावा का? (वसई)

उत्तर : कढईवर पाणी ओतू नये. पाणी तापलेल्या तेलाखाली जाऊन क्षणात वाफ होते, आकारमानाने सोळाशे पटींहून अधिक फुगते आणि पेटते तेल छपरापर्यंत उडवते. गॅस बंद करावा, कढईपेक्षा मोठे झाकण किंवा परात बाजूने सरकवत ठेवावी आणि कढई थंड होईपर्यंत झाकण काढू नये.

सिलिंडर फेकू नये. पेटता सिलिंडर उचलणाराच भाजतो. शक्य असेल तर रेग्युलेटर बंद करावा. ते जमत नसेल तर सर्वांना बाहेर काढून १०१ला कळवावे. नुसता वास येत असेल तर कोणतेही बटण चालू किंवा बंद करू नये, कारण बंद करतानाही ठिणगी पडते. खिडक्या-दारे उघडावीत. सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो, म्हणून खालच्या बाजूचे दार उघडणे अधिक उपयोगी. गॅसगळतीसाठी १९०६ हा क्रमांक आहे. भाजलेल्या जागेवर टूथपेस्ट, हळद, शाई काहीही लावू नये. नळाच्या वाहत्या पाण्याखाली ती जागा वीस मिनिटे धरावी.

प्रश्न : माझी मुलगी अग्निशमन सेवेत जाऊ इच्छिते. घरचे म्हणतात, हे बायकांचे काम नाही. (नागपूर)

उत्तर : पत्र नागपूरहून आले आहे याची मला गंमत वाटली. राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय तुमच्याच शहरात आहे आणि तिथे २००२ मध्ये प्रवेश घेणारी पहिली मुलगी, हर्षिनी कान्हेकर, नागपूरचीच. मुंबईच्या दलातही स्त्रिया जवान म्हणून काम करत आहेत. महाराष्ट्र राज्याची अग्निशमन अकादमी मुंबईत कालिना येथे असून तिथे अग्निशामकाचा सहा महिन्यांचा पाठ्यक्रम चालतो. उंची, वजन आणि धावण्याच्या अटी भरतीच्या जाहिरातीत दिलेल्या असतात. मुलीने त्या आधी वाचाव्यात आणि आजपासून जिने चढायला सुरुवात करावी.

प्रश्न : झाडावर मांज्यात अडकलेल्या घारीसाठी अग्निशमन दलाला बोलावले म्हणून शेजाऱ्यांनी मला वेड्यात काढले. मी चूक केली का? आणि याचे पैसे द्यावे लागतात का? (विलेपार्ले)

उत्तर : चूक केली नाही आणि पैसे लागत नाहीत. मांज्यात अडकलेले पक्षी, विहिरीत पडलेली जनावरे, लिफ्टमध्ये अडकलेली माणसे, पडलेली घरे, रस्त्यावर सांडलेले तेल ही सगळी या दलाचीच कामे आहेत. इतकेच काय, मुंबईच्या चौपाट्यांवरचे जीवरक्षकही याच दलाच्या अखत्यारीत येतात. फक्त त्याच वेळी जवळपास मोठी आग असेल तर घारीला थांबावे लागेल. तोवर स्वतः झाडावर चढू नका. गाडी आली की शिडी कुठे लावायची ते त्यांना ठरवू द्या आणि घारीला ठेवायला एक पुठ्ठ्याचे खोके तयार ठेवा, कारण ते मात्र गाडीत नसते.